शून्याचा वाफा

कशेळे,
शनिवार, २० सप्टेंबर

प्रिय समीक्षा,

या आठवड्याचे आकडे वहीत पान एकेचाळीसपासून आहेत. हे पत्र वहीच्या मागच्या पुठ्ठ्यात घडी घालून ठेवलं आहे. उद्या रविवारी जावईबापू जितेशराव येतील, वही आणि नमुन्यांच्या पिशव्या घेऊन जातील. पिशव्या ते खालापूरला तुझ्या मैत्रिणीकडे देतील, वही मोहोपाड्याला तुझ्या हातात. पत्र तू एकटी असताना वाच. तुझ्या आईला पत्राबद्दल माहीत नाही. तिच्या दृष्टीने वही म्हणजे आकडे, आणि आकडे म्हणजे आपल्या दोघांचं काहीतरी. ती वही उघडत नाही.

फोनवर हे बोलता आलं नाही. तुझा फोन आला की आई स्पीकर लावते, मलाही ऐकू यावं म्हणून. मी ऐकतो. या आठवड्यात माझ्या फोनवरून तुला शेतातून तीनदा फोन केला, तुला आठवत असेल. तिन्ही वेळा ढगांबद्दल बोललो आणि ठेवून दिला. तू एकदा विचारलंस, बाबा, अजून काही आहे का? मी म्हणालो, नाही, वाऱ्याने दांडी हलते आहे.

सोमवारी पनवेलच्या डॉक्टरांनी तुला सांगितलं की बाळाची वाढ दोन आठवडे मागे आहे. तुझंही वजन महिनाभर आहे तिथेच आहे. पंधरा दिवसांनी पुन्हा बघू, म्हणाले. हे तू आम्हाला सांगितलंस तेव्हा मी ओटीवर कोयत्याला धार लावत होतो. तू वाफ्यांचे आकडे सांगतेस त्याच आवाजात सांगितलंस. आई म्हणाली, "बरं हाय गं. लहान हाय तर लवकर सुटशील." मग तिने विचारलं, "काल काय खाल्लंस रातच्याला?" तू म्हणालीस, "अर्धी भाकरी." ती म्हणाली, "शाणी माझी बाय." मी कोयता खाली ठेवला. हाताला लागला असता.

तेव्हापासून मला भीती वाटते आहे. हे वाक्य तितकं खरं नाही. तेव्हापासून ती मला ऐकू येते आहे, असं म्हणू.

वाफ्यांचं सांगतो. तू विश्रांतीला गेलीस त्याला चाळीस दिवस झाले. एक दिवस सोडला तर दर दिवसाआड दुपारी साडेअकरा ते साडेबारा मी आबाजींच्या खाचरात असतो. बाराही वाफे तू आखून गेलीस तसेच आहेत. बांध मी दोनदा लिंपले, एका वाफ्यातलं खत दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. खेकडे बांधाला भोकं पाडतात, ती रोज बघावी लागतात. मंगळी निंदायला येते आणि उजेड मोजायच्या दांडीचं दुसरं टोक धरते. आधी दांडी पिकाच्या वर, मग पाण्याच्या वर चार बोटं, ओळींना आडवी. वरचा आकडा, खालचा आकडा. ढग आला की थांबायचं. कधी कधी आम्ही दोघं गुडघाभर चिखलात दांडी धरून पंधरा मिनिटं उभे असतो आणि वर बघतो. आबाजी बांधावरून विचारतात, "जगदीश, अंधार पन मापतोस का रं?" म्हातारा रोज तेच विचारतो आणि रोज हसतो. जमीन त्यांची आहे. हसू द्यावं.

गुरुवारी ऊन स्वच्छ होतं. पूर्ण खताच्या वाफ्यात शंभरातले सहा भाग उजेड पाण्यापर्यंत पोचतो. अर्ध्या खताच्या वाफ्यात एकोणीस. नुसत्या शेणखताच्या वाफ्यात सत्तावीस. काहीच न दिलेल्या, शून्याच्या वाफ्यात एकेचाळीस.

ही दांडी तू पहिल्यांदा घरी आणलीस तेव्हा मला वाटलं होतं, महागडी मोजपट्टी आहे. मी तीस वर्षं भाताच्या चाचण्या घेणाऱ्या शेतावर काम केलं. फुटवे मोजले, लोंब्या मोजल्या, दाणे मोजले. उजेड मोजायचा असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तू मला याच ओटीवर समजावलंस. ऊन सगळ्या वाफ्यांवर सारखं पडतं, बाबा. फरक पुढे आहे. पिकाने त्यातलं किती अडवलं, आणि जे अडवलं त्याचं किती अंग केलं. रोप लहान असताना त्याच्याकडे पानं नसतात, उजेड खाली जातो. फुटवे भरले की ते उजेड धरायला लागतं. पोटरी धरायच्या, म्हणजे खोडात लोंबी भरायच्या सुमारापासून फुलोऱ्यापर्यंत ते तेवढ्याच उजेडातून सगळ्यात जास्त अंग बनवतं. फुलोऱ्यानंतर पानं स्वतःतलं काढून दाण्याला देतात आणि पिवळी पडतात, मग तोच उजेड त्यांना तितकासा वापरता येत नाही. आणि उपाशी पीक? मी विचारलं. तू म्हणालीस, उपाशी पीक दोन्हीकडून हरतं. पानं कमी म्हणून उजेड अडत नाही, आणि पान फिकं म्हणून अडलेला कामाला येत नाही. ऊन असतं. त्याला ते घेता येत नाही.

तेव्हा तुला दिवस गेलेले नव्हते. मी ते एक माहिती म्हणून ऐकलं.

आता एक वाईट बातमी, तुझ्या कामाची. शून्याचा तिसरा वाफा, पायवाटेकडचा, बाद झाला. आकडे मी लिहिले आहेत, पण समोर कारण लिहून लाल रेघ मारली आहे. पंधरा दिवसांपासून मला त्याचा रंग पटत नव्हता. बाकीचे दोन शून्याचे वाफे पिवळट आणि हा उतरत्या बाजूला हिरवा होत चाललेला. मला वाटलं बांध फुटला. सगळे बांध तपासले. वरच्या वाफ्यातून पाणी झिरपतं का पाहिलं. मंगळवारी नेहमीपेक्षा लवकर गेलो तर मंगळी वाफ्याच्या कडेला वाकलेली. हातात डबा. शेळीच्या लेंड्या कुजवलेलं पाणी ती वाडीवरून रोज घेऊन येत होती आणि चुलीची राख वर टाकत होती.

मी ओरडलो. खूप दिवसांनी कोणावर तरी ओरडलो. ती घाबरली नाही. तिला आश्चर्य वाटलं. "आवं भाऊ, समद्यांना दिलं, ह्येलाच नाय. मला वाटलं तुमी इसरलात. पोरीच्या काळजीत हाव म्हून." मी म्हणालो, विसरलो नाही, याला द्यायचंच नाही. ती म्हणाली, "पन पोटरीत हाय तो." मी तिला समजावलं. उपाशी ठेवल्यावर पीक उजेडाचं काय करतं ते बघायचं आहे. त्यासाठी एक वाफा मुद्दाम उपाशी ठेवावा लागतो. "मुद्दाम?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. तिने डबा पालथा केला, तळाला उरलेलं होतं तेही त्याच वाफ्यात ओतलं, आणि म्हणाली, "मंग मला निंदायला कशाला ठेवलं? त्येच्या गवताला तरी खाऊ द्या." नंतर दांडी धरून उभी असताना आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "पोटरीत हाय आन् मुद्दाम. शिकलेली मान्सं."

मी तिला कामावरून काढलेलं नाही. तूही काढू नकोस. तिच्या वाडीत कोणी विसरल्याशिवाय पोटरीतलं भात उपाशी राहत नाही. तिला दुसरं कारण सुचलंच नाही.

त्या वाफ्याचं मी बारकाईने पाहिलं, कारण आता तो माझ्या उपयोगाचा होता. फुटवे वाढलेले नाहीत. फुटव्यांची वेळ श्रावणात संपली, ती परत येत नाही. जेवढ्या काड्या तेवढ्याच आहेत. पण वरची तीन पानं रुंद झाली आहेत आणि पाण्यावरचा आकडा एकेचाळीसवरून तेहेतीसवर आला. एक पोटरी मी नखाने उकलून पाहिली. आतली लोंबी शेजारच्या शून्याच्या वाफ्यापेक्षा बोटभर लांब होती. तू मागे म्हणाली होतीस की पोटरीत दिलेलं अजून पोचतं, फुलोऱ्यानंतर दिलेलं फक्त पेंढ्याला जातं. मी ती उकललेली पोटरी हातात धरून किती वेळ उभा होतो माहीत नाही. मंगळी म्हणाली, "भाऊ, ढग गेला." मी दांडी लावली. आकडा चुकला. पुन्हा घेतला.

तू सातव्या महिन्यात आहेस. मला तुला असं मोजायचं नाही. पण मला दुसरं मोजता येत नाही.

आईवर रागावू नकोस. ती तुझी वैरीण नाही. तू शाळेत असताना ती तुझ्या डब्यात तूपसाखर लावलेल्या दोन पोळ्या घालायची आणि स्वतः शिळं खायची. पहिला पगार झाल्यावर तू तिला साडी आणलीस, ती तिने अजून नेसलेली नाही, तुझ्या बाळाच्या बारशाला नेसणार आहे. ती साडी कपाटातून काढून उन्हाला टाकते आणि परत ठेवते. या महिन्यात तीनदा. तिलाही भीती वाटते. तिची भीती माझ्या भीतीच्या उलट्या दिशेला तोंड करून बसली आहे, एवढंच. तिला वाटतं मूल मोठं होईल आणि अडकेल.

तुला ती गोष्ट माहीत आहे. तू ती गोष्ट ऐकतच वाढलीस. तुझ्या आधी एक भाऊ होता. त्र्याण्णव साली, याच महिन्यात. आम्ही तेव्हा वरच्या गावात राहायचो, जीप गावापर्यंत येत नव्हती. इंदूबाई सुईण होती. तिने आईला सहाव्या महिन्यापासून सांगितलं होतं, पोटाला तडस लागेपर्यंत जेवायचं नाही, अन्नाने जागा अडवली तर लेकरू कुठे राहील? आणि लेकरू मोठं झालं तर ते येणार कसं? इंदूबाईला मी दोष देत नाही. तिने डोंगरातून खाली येईपर्यंत डोलीत गेलेल्या बायका पाहिल्या होत्या. लहान मूल म्हणजे आई वाचली, एवढं तिला ठाऊक होतं. आईच्या कळा सकाळी सुरू झाल्या. दुपारपर्यंत काही होईना तेव्हा चौघांनी तिला डोलीतून कशेळ्यापर्यंत आणलं आणि तिथून जीपने कर्जतच्या दवाखान्यात. मी शेतावर फुटवे मोजत होतो. निरोप आला तसा धावत गेलो. मी पोचलो तेव्हा मूल झालेलं होतं आणि संपलेलं होतं. आई बेशुद्ध होती.

मूल मोठं होतं म्हणून अडकलं. आई तुला हेच सांगत आली. शेजारणींना, तुझ्या मावशीला, देवीच्या ओटीला बसलेल्या बायकांना. तुझ्या लग्नात तुझ्या सासूबाईंनाही. "माझा पयला मोठा होता, म्हून गेला." हे म्हणताना तिच्या तोंडावर एक वेगळंच काही येतं. तू ते पाहिलं असशील. दुःखाच्या आत कुठेतरी मान ताठ होते. मोठा होता.

दोन वर्षांनी तू पोटात होतीस. या वेळी इंदूबाईने काही सांगायची गरज उरली नाही. आईने आपणहून जेवण तोडलं. चतकोर भाकरी, पातळ पेज. मी शेतावरून यायचो, ती मला वाढायची आणि समोर बसायची. मी खायचो. एकदा म्हणालो, तूही घे. ती म्हणाली, "पुन्यांदा नाय तसं होऊ देनार." मी पुढे काही बोललो नाही. बोलण्यासारखं माझ्याकडे होतं.

तू दीड किलोला थोडी जास्त होतीस. पिवळी होतीस. पनवेलला एका दवाखान्यात तुला निळ्या दिव्यांखाली ठेवलं, डोळ्यांवर कापसाची पट्टी. अकरा दिवस. काचेला नाक लावून मी उभा असायचो. तुझी चामडी इतकी पातळ होती की मला वाटायचं, हा उजेड हिच्यात थांबतच नाही, खालच्या चादरीपर्यंत जातो आहे. तेव्हा मला उजेड मोजण्याबद्दल काही माहीत नव्हतं. गेल्या महिन्यात शून्याच्या वाफ्यात दांडी पाण्यावर धरली, खाली चिखल उजळलेला दिसला, आणि मला ती चादर आठवली. त्या दिवशीचा आकडा वहीत नाही. तू विचारलंस तेव्हा मी सांगितलं ढग होता. ढग नव्हता. या वहीतलं तेवढं एक खोटं आहे. पान छत्तीस. दुरुस्त करून ठेवलं आहे.

तू जगलीस. आई म्हणाली, बघा, कमी खाल्लं म्हणून सुखरूप सुटले. मी मान डोलावली. तू जगलीस ते तिने कमी खाऊनही जगलीस, हे मला तेव्हाच माहीत होतं. पण तू जगली होतीस आणि मला दुसरं काही नको होतं.

तू इतकं शिकलीस. पिकाला कोणत्या वेळी काय दिलं तर ते उजेडाचं काय करतं, यावर प्रबंध लिहिते आहेस. आणि रात्री फोनवर आईला सांगतेस, अर्धीच खाल्ली. मला आधी याचं नवल वाटलं. मग वाटलं, नवल काय. हे शिकणं विसाव्या वर्षी सुरू झालं, ती गोष्ट पाळण्यात. डॉक्टरांनी विचारलं असेल, नीट जेवता ना? तू हो म्हणाली असशील. खोटं नाही. आपल्या घरात नीट म्हणजे तेवढंच.

हे पत्र मी पंधरा दिवसांनी, तुझ्या तपासणीनंतर लिहिणार होतो. निदान स्वतःला तसं सांगत होतो. काल संध्याकाळी आई परडी घासत बसली होती. सोमवारी घट बसतील. ती म्हणाली, "समीक्षाला सांगते, नऊ दिवस फराळावर ऱ्हा. देवीचं बी होईल आन् पोट बी हलकं ऱ्हाईल." मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना? ती म्हणाली, "ऐकलं. लहान हाय म्हनाले. देवीनं ऐकलं माझं." तिचा चेहरा इतका निवांत होता की मला उठून बाहेर जावं लागलं. उद्या अमावस्येचं पान वाढून झालं की ती तुला फोन करणार आहे. तू हो म्हणशील. तू तिला कधी नाही म्हणालेली नाहीस. नऊ दिवस साबुदाणा, रताळं आणि पाणी. त्याच्या अखेरीस तपासणी. शून्याचे उरलेले दोन वाफे तोवर निसवलेले असतील, लोंब्या बाहेर पडलेल्या.

आज दुपारी मी शेतावर गेलो तेव्हा आभाळ भरलेलं होतं. आकडे घेता येणार नव्हते. मंगळीला म्हणालो, घरी जा. ती म्हणाली, "तुमी?" मी म्हणालो, बसतो जरा. आबाजी छत्री घेऊन आले, बांधावर माझ्याशेजारी उकिडवे बसले. नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. मग म्हणाले, "पोरीचं कसं हाय रं?" मी म्हणालो, वाढ कमी आहे. त्यांनी मान हलवली. "तुझा बी पयला..." असं म्हणाले आणि थांबले. ते त्र्याण्णव साली डोलीच्या चौघांपैकी एक होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, समोरच्या वाफ्याकडे पाहत राहिले. दवाखान्यातून परत येताना ते गाठोडं त्यांच्या हातात होतं. मी त्यांच्याकडे दिलं होतं, मला चालता येत नव्हतं. वजन त्यांनाही कळलं असणार. बत्तीस वर्षं त्यांनीही कोणाला सांगितलेलं नाही. उठताना एवढंच म्हणाले, "सांग आता." आणि गेले.

म्हणून सांगतो. आई शुद्धीवर आली तेव्हा मूल गाठोड्यात बांधलेलं होतं, ते तिला दाखवलं नाही. तिने मला एकच विचारलं, केवढा होता? तासभर आधी नर्सने मला बाजूला घेऊन वजन सांगितलं होतं. पूर्ण दिवसांचा मुलगा, एक किलो सातशे. तो अडकला नव्हता, समीक्षा. त्याला कळा सोसल्या नाहीत. नर्सने विचारलं होतं, बाईला घरी जेवायला घालत होता की नाही? खिशात शेताची नोंदवही होती, सवयीने तिच्यात आकडा लिहिला. मग मी आईच्या खाटेजवळ गेलो. तिने विचारलं आणि मला तिला ते सांगता आलं नाही, की नऊ महिन्यांत तुझ्या पोटात एवढंसंच झालं होतं. मी म्हणालो, मोठा होता. चांगला मोठा. तिने डोळे मिटले, तिला बरं वाटलं. तेवढ्यासाठीच मी बोललो होतो, एका संध्याकाळपुरतं. ते वाक्य तिने घरी नेलं, त्याच्यावर बाकी सगळं उभं केलं, तुला त्याच्यावर वाढवलं, आणि आता ते तुझ्या ताटात आहे. लोक म्हणतात जगदीश खोटा आकडा लिहीत नाही. लिहिला नाही, हे खरं आहे. ते पान फाडून या वहीत एकेचाळीसच्या आधी चिकटवलं आहे. वर त्या दिवशीचे फुटवे आहेत, अर्धे मोजलेले. कडेला १७०० आहे. सोमवारी पंधरा दिवसांची वाट न बघता डॉक्टरांकडे जा, पान दाखव, अर्ध्या भाकरीचं सांग, तुझ्या जन्माच्या वजनाचंही सांग. जितेशरावांना हे पत्र दाखवायचं असेल तर दाखव. उद्या आईचा फोन येण्याआधी मी तिला सांगेन. मी सांगू शकलो नाही आणि फोन आलाच, तर तिला काय म्हणायचं ते तू नंतर ठरव. आधी जेव.

तुझाच,
बाबा